वेगळी चूल आणि भुंग्याची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात मी वेगळी चूल मांडायचं ठरवलं आणि साक्षीला एक भुंगा उभा केला.

आमचं मोहाडीजवळचं एकत्र घर. दादा, वहिनी, मी, बायको, पोरं, सगळ्यांत मिळून टीव्ही एक! (रिमोट दादाच्या उशीखाली.) सकाळी सगळ्यांना आंब्याखाली बसवून मी छाती फुगवून जाहीर केलं, "दादा, मी आता वेगळा राहतो!"

"काहून रे?" दादानं फांदीवरच्या लाल मुंग्यांच्या घरट्याकडे बोट केलं. "त्या मुंग्या पाय. साऱ्याजणी मिळून पानं ओढतेत, आपल्याच अळ्यांच्या तोंडातल्या धाग्यानं शिवतेत. एकटीच्यानं होते काय?"

मी काय कमी! "अन् भुंगा पाय! एकटा बांबू पोखरते, एकटा पिल्लांची शिदोरी भरते. कोनाची कटकट नाही!"

"अवो, पोखरनारी मादी रायते," बायको मध्येच बोलली. "नर नुसता दारापुढं भनभन करते. म्हंजे वेगळ्या घराचं सारं काम मलेच!"

वहिनी पदरात तोंड घालून हसायला लागली. माझं डोकंच सणकलं! मुंग्यांचं घर किती तकलादू असतं हे दाखवायला मी बांबूची शिडी लावली आणि तरातरा वर चढलो. घरट्याला हात घालतो न घालतो तोच पायाखालची पायरी कडाडली. मोडक्या बांबूतून काळा भुंगा भुर्रकन् बाहेर! (माझाच साक्षीदार!) पडू नये म्हणून मी मिळेल ते घट्ट कवटाळलं. मिळालं ते घरटं!

"अरे बाप्पा! दादाऽऽ!"

दादानं मला अलगद झेलून खाली घेतलं, वहिनीनं बादलीभर पाणी ओतलं, पोरांनी झाडूनं झोडपलं (मुंग्या संपल्यावरही!).

"कुठं कुठं चावल्या रे?"

"सांगता येत नाही दादा, वहिनी उभी आहे!"

शेवटची मुंगी पाठीच्या मधोमध रुतली होती. माझा हात काही तिथवर पोचेना. "काढ ना वं!" मी बायकोला विनवलं.

"भुंग्याची पाठ कोन पायते जी?"

शेवटी दादानंच ती चिमटीत धरून उपटली. दुपारी मी सगळ्यांसोबत मुकाट्यानं जेवायला बसलो. मघाशी उडालेली भुंगीण मोडक्या शिडीत परत आली होती. आमच्या घरात वेगळं राहून दाखवणं जमलं ते तिला एकटीलाच!