मी ताशा बंद केला

मुलीचा उजवा अंगठा दुखायला लागला, तेव्हा मी सरळ ताशाला दोषी ठरवून मोकळी झाले. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत निघणाऱ्या पथकात ती गेल्या वर्षी मागच्या रांगेत ढोल वाजवत होती. यंदा तिला पुढे ताशावर घेतलं होतं. मला ते खूळ मुळातच पसंत नव्हतं. कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि ही बाई रविवारी दोन तास काड्या बडवते, असं मी अख्ख्या चाळीला ऐकवायचे. अंगठ्याचं निमित्त मला आयतंच मिळालं.

"उद्यापासून सराव बंद," मी सांगितलं.

ती रडली, भांडली. "आई, सराव चुकला तर यात्रेत उभं नाही करत गं कोणाला. पथकातला दादा ऐकणारच नाही."

"आधी हात," मी म्हटलं. किती शहाणी मी!

पाच रविवार ती घरी बसली. बसली म्हणजे काय, कॉटवर मान वाकवून मोबाईलमध्ये. कॉलेजच्या नोट्स त्यात, मैत्रिणी त्यात, आणि आता पथकाच्या सरावाचे व्हिडिओही त्यातच. निदान हाताला आराम मिळतोय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. शेवटी तिला पाण्याची बाटलीसुद्धा उघडेना, तेव्हा परळला डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी तिला अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट खाली वळवलं. ती किंचाळलीच.

"ताशा वाजवायची. महिना झाला, मी बंद केलाय," मी लगेच चुगली केली.

"तो बंद करून महिना झाला म्हणता, मग दुखणं वाढलं कसं?" त्यांनी तिला मोबाईलचा रोजचा वापर उघडून दाखवायला सांगितला. रोजचे सात तास त्यात आकड्यात लिहिलेले होते. बहुतेक सगळा भार त्या एका अंगठ्यावर. मी ज्याला आराम म्हणत होते, तो हा. मला माझा असा संताप आला की डॉक्टरांचं पुढचं बोलणं धड ऐकूही आलं नाही.

हाताला पट्टा लागला. पाडव्याला तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. निदान बघायला तरी खाली चल, म्हणून मी विनवलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू जा. शूट करून पाठव."

मी गेले. पथक पुढे सरकेपर्यंत मोबाईल उंच धरून उभी राहिले आणि तिथूनच तिला व्हिडिओ पाठवला. लगेच निळ्या खुणा उमटल्या.