एका भरतीपुरता शब्द

साताऱ्याहून निघालेली एसटी पनवेलच्या स्टँडवर पोचली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं आणि मला न्यायला आलेल्या, आरोग्यकेंद्रातल्या सुरेखा सिस्टरचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, तुम्ही आलात, पण बैठकीला बायकाच यायच्या बंद झाल्यात," ती म्हणाली. मी अजून बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

माझं काम सवयींचं. शाळा, दवाखाने, उपचारकेंद्रं अशा ठिकाणी माणसं एखादी सवय कशी सोडतात आणि सोडलेली पुन्हा का धरतात, याचा आमची संस्था अभ्यास करते. या वेळी विषय होता मशेरी (तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड). पनवेलपलीकडच्या खाडीकाठी एका कोळीवाड्यातल्या बायका पहाटेपासून ती दातांना लावतात. दिवाळी नुकतीच झाली होती. शिमग्यापर्यंत मी इथेच राहणार होते.

मुक्काम सुकापूरला मावसबहिणीकडे. रोज सकाळी मिनीडोर (इकडची सहा आसनी रिक्षा) पकडायची. सहा आसनी हे फक्त नाव, मी एकदा दहा डोकी मोजली आणि नाद सोडला. उलव्याच्या बाजूला रस्ताभर डंपर, अर्धवट इमारती आणि तोंडाला फडकी बांधलेली माणसं. त्या धुळीतून बाहेर पडलं की एकदम खारा वारा लागतो आणि सुकत्या बोंबलांचा वास येतो. कोळीवाडा आला हे सांगायला पाटी लागत नाही.

पहिल्याच दिवशी सुरेखा मला हिराबाईंच्या घरी घेऊन गेली. हिराबाई म्हणजे वाड्यातला मोठा आवाज. मासळीबाजारात त्यांची हाक दोन गल्ल्या ऐकू जाते, आणि शिमग्याची गाणी त्यांनी सुरू केल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. त्यांच्या गालाला आतून पांढरा डाग आला होता. पनवेलच्या दातांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मशेरी बंद करा. शिमग्यापर्यंत डाग कमी झाला नाही, तर गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

आम्ही पुढच्या दारात आणि हिराबाई मागच्या दाराने पसार. मी सरळ मागे गेले. त्या वलांडीकडे (बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मांडवाकडे) निघाल्या होत्या. जवळची वाट म्हणून मी चिखलातून गेले आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. चप्पल खाडीने ठेवून घेतली.

"अगो बाय, हलू नको!" हिराबाई परत फिरल्या. एका हाताने त्यांनी मला उपसून काढलं आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. माणूस एकदा इतका हसला की त्याला पळून जाता येत नाही. मी शेजारी बसून घेतलं.

"सिस्टरला का टाळता?"

हसू गेलं. "तोंड कंचं दावू? आमी सगल्यांनी आईच्या देवलान शपथ घेतली. जल्मभर मशेरीला बोट लावनार नाय. शिस्टर नको बोलत व्हती, आमीच बोललो, कोल्याचा शब्द हाय. आठ दिस झालं नाय, आन् माजं बोट डबीन."

"बाकीच्यांचं?"

"त्यांचं बी. पन कोनी बोलत नाय."

आता सगळं लख्ख झालं. मशेरी सुटली नाही यात काही बिघडलं नव्हतं. सवय सोडणारा माणूस घसरतोच. आमच्या सगळ्या कामाचं सार एवढंच की घसरलेला किती लवकर परत उभा राहतो ते बघायचं. पण या बायकांनी घसरण्यालाच पाप ठरवून टाकलं होतं. जिने बोट लावलं ती देवळात जायची थांबली, सिस्टरच्या बैठकीला यायची थांबली, आणि एकटी पडली की मशेरी जास्तच.

हे मी त्यांना असंच, साध्या शब्दांत सांगितलं.

"तुजं खरं असंल बाय," त्या म्हणाल्या, "पन आईला कोन सांगंल?"

"तुम्हीच विचारा तिला. जन्मभराचा शब्द जड होतोय, हलका करून दे म्हणावं. किती दिवसांचा जमेल?"

हिराबाईंनी खाडीकडे बघितलं. पाणी चढत होतं. "दिसांचं नको. पान्यान होरी सोरतो तवा आमी भरती बगतो. एका भरतीपुरता शब्द देईन. फुरची भरती आली का फुरचा शब्द."

मी असा काही तोडगा कुठे शिकले नव्हते, पण चांगली गोष्ट समोर आली की ती घ्यावी. घेतली.

दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला (देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर होकार). सगळ्या बायका आल्या, कारण कौल चुकवायची कुणाचीच हिंमत नव्हती. फुलं चिकटली ती चिकटलीच. हिराबाईंची नणंद तुळसा मागून म्हणाली, "वयनी, तुजा भरोसा आईला बी येत नाय."

"गप गो! तुजी डबी कमरेला हाय ती दिसतंय तिला."

हशा पिकला आणि तेवढ्यात उजवं फूल घरंगळलं. माझा देवावर विश्वास बेताचाच. पण त्या क्षणी टाळी वाजवणाऱ्यांत मी पहिली होते हे सुरेखाने नंतर सगळ्यांना सांगितलं.

मग वाड्यात नवीच रीत सुरू झाली. भरती भरली की एक बाई ओरडायची, "भरली गो?" दारादारांतून शब्द पाळलेल्यांचं उत्तर यायचं, "भरली!" जिने बोट लावलं असेल तिने "ओहोटी!" म्हणायचं, आणि पुढच्या भरतीला पुन्हा शब्द द्यायचा. बस. बोलणी नाहीत, शिक्षा नाही. सुरुवातीला ओहोटीच जास्त. तुळसा तर इतक्या मोठ्याने "ओहोटी!" म्हणायची की कुत्री भुंकायची. पण ती म्हणत होती, लपवत नव्हती. सिस्टरची बैठक पुन्हा भरू लागली.

थंडीत बायकांनी मला पोपटी खाऊ घातली (मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी घालून, भांबुर्ड्याचा पाला लावून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा). गरम शेंगा बोटं भाजत होत्या. जेवण झालं, आणि एरवी या वेळी डब्या निघायच्या. कुणाचा हात कमरेकडे गेला नाही. तुळसा भाजलेल्या शेंगेचा देठ चावत म्हणाली, "बगतंस काय बाय? भरलेली हाय मी."

शिमग्याच्या तोंडावर हिराबाई, तुळसा, सुरेखा आणि मी पनवेलला डॉक्टरांकडे गेलो. मिनीडोरमध्ये हिराबाई फक्त एवढं म्हणाल्या, "गाल कापला तं गानी कोन बोलंल?" तुळसाने वयनीचा हात धरला.

डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ बघितलं. गाल ओढून पुन्हा बघितलं.

"डाग खूपच विरलाय. आत्ता तुकडा काढायची गरज नाही. पण मशेरी बंदच, आणि बोलावलं की यायचं."

हिराबाईंनी बाहेर येऊन मासळीबाजारातली हाक दिली, "भरली गोऽऽ!" बाकावर गाल धरून बसलेला एक माणूस दचकून उभा राहिला. तुळसा आणि मी एकाच सुरात ओरडलो, "भरली!"

शिमग्याच्या गाण्यात हिराबाईंनी माझ्या हरवलेल्या चपलेची एक ओळ घातली. सगळा वाडा ती ओळ म्हणत नाचला, आणि मी नवी चप्पल काढून ठेवून त्यांच्यात नाचले.

परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर सुक्या बोंबलांची जुडी होती. कंडक्टर दोनदा वास घेऊन गेला आणि तिसऱ्यांदा थोडे मागून गेला.

साताऱ्यात समुद्र नाही. पण परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एका शाळेत गेले, जिथल्या नववीच्या पोरांनी मागच्या वर्षी गुटखा कायमचा सोडल्याची सामुदायिक शपथ घेतली होती आणि तेव्हापासून ती मला बघून वाट बदलत होती. मी त्यांना वर्गात बसवलं आणि म्हटलं, शपथ मोडली असेल तर असू दे. मला फक्त मधल्या सुट्टीपर्यंतचा शब्द द्या. सुट्टी झाली की पुढचा.

घंटा झाली तेव्हा मी दारात उभी होते. कुणीही वाट बदलली नाही.