खाणीवरच्या अंगणवाडीची समन्वय समिती

सरकारी कामात किस्से शोधावे लागत नाहीत. फाइल अडली की ते आपोआप साचतात, आणि आमची फाइल तर दर टेबलावर मुक्काम करत चालली होती.

नव्वदीतली गोष्ट. नवी मुंबईत पालिका नवीनच होती. गरीब घरच्या मुलांसाठी प्रत्येक खातं आपापलं काहीतरी करायचं, ते एकत्र व्हावं म्हणून वरून समन्वय समिती नेमली. आरोग्य खात्याच्या डॉ. काझी मॅडम, शिक्षण खात्याचे पाटील सर आणि पत्रं लिहायला मी, सावंत. पहिलं काम एकच: जुईनगरच्या पलीकडे, डोंगराखालच्या दगडखाणीवर अंगणवाडी मंजूर करून घ्यायची. तिथे ताराबाई ताडपत्रीखाली पंचवीस-तीस पोरं सांभाळायच्या. पोरांना तात्पुरती म्हणून खिचडी मिळत होती. मार्चअखेर मंजुरी आली नाही तर ती बंद होणार होती.

*

पहिली बैठक हद्दीवर अडकली. नकाशा पसरला तर पालिकेची रेघ वस्तीच्या मधून, नेमकी मंगलच्या झोपडीवरून गेलेली. मंगल साधारण साडेतीन वर्षांची. पुढे मॅडमच्या यादीत ती सगळ्यात वर आली, कारण वजनात सगळ्यात खाली.

"चूल पालिकेत येते, अंथरूण जिल्हा परिषदेत," मी म्हणालो.

पाटील सर इथल्याच गावचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे पोर जेवतंय आपल्यात न् झोपतंय त्यांच्यात. मंग उपाशी झोपलं त कोनाचं हाय?"

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

*

मग वजनं. काटा आरोग्य खात्याच्या स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर म्हणाला, आधी कमी वजनाच्या मुलांची यादी आणा, मग काटा देतो. काट्याशिवाय यादी कशी करायची, हे मी त्याला तीन पत्रांत विचारलं. त्याने तिन्हींची पोच दिली.

शेवटी पाटील सरांनी मासळी विकणाऱ्या आपल्या वहिनींचा तराजू आणला. धुऊन आणला होता, त्यांनी शपथेवर सांगितलं. ताराबाईंनी एकेक पोर पारड्यात बसवलं, मॅडमनी आकडे लिहिले. संध्याकाळी पोरं घरी निघाली तर प्रत्येकामागे एक मांजर.

मॅडम पहिल्यांदा हसल्या, मग यादीतल्या मंगलच्या आकड्यावर बोट ठेवलं. मंगल पारड्यात बसली तेव्हा वजनांचं पारडं फारसं हललंच नव्हतं.

*

अर्जात जन्मतारखेचा रकाना होता. मंगलच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मोठा सुरुंग उडाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मला वाटलं, सोपं झालं. खाणीच्या कंत्राटदाराला पत्र टाकलं, सदर सुरुंगाची तारीख कळवावी. त्याला वाटलं चौकशी लागली. उलट टपाली त्याने सही-शिक्क्यानिशी लेखी दिलं की असा कोणताही सुरुंग उडालेला नाही. म्हणजे कागदोपत्री मंगलच्या जन्माचा आदला दिवसच गायब!

मॅडमनी दात मोजून अंदाजे वय लिहिलं. मला मात्र रात्रंदिवस टेन्शन, की वरून कोणी सुरुंगाचा पुरावा मागेल.

*

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंत्रालयातून साहेब पाहणीला यायचे ठरले. ते 'गरज आहे' असं लिहिणार, तर अंगणवाडी. नाहीतर फाइल बंद.

आता साहेब येणार म्हटल्यावर आपल्या हाडात मुरलेली एक सवय असते. कोणी कोणाला न विचारता जो तो कामाला लागला. पाटील सरांनी शाळेतून सतरंज्या आणि कुंड्या आणल्या. काझी मॅडमच्या दवाखान्यातल्या बायकांनी पोरांना साबणाने घासून अंघोळ घातली. मी आमच्या सोसायटीतून जुने फ्रॉक, शर्ट गोळा करून आणले. ताराबाईंनी तेल-पावडर केली. समिती नेमल्यापासून इतका समन्वय आमच्यात कधी झाला नव्हता.

साहेब आले. चकाचक पोरांसमोर बिस्किटांच्या बशा मांडलेल्या. ताराबाईंनी पोरांना बजावलं होतं, "साहेब जाईपर्यंत बिस्किटाला हात लावायचा नाय." एकाही पोराने लावला नाही.

"वा, मुलं छान आहेत. इथे काही तशी गरज दिसत नाही," साहेब म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

तेव्हा मला कळलं आम्ही काय करून बसलो ते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे, सर कुंड्यांकडे. मॅडम वजनांची यादी घेऊन पुढे झाल्या. "यादी ऑफिसला पाठवा," म्हणत साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

उरला फक्त सत्कार. गुलाब द्यायला मंगलला उभं केलं होतं. मघापासून ती फूल धरून कोपऱ्यात होती. ताराबाईंनी तिला हलकेच पुढे ढकललं. मंगल साहेबांसमोर गेली आणि हात पुढे केला.

हातात नुसता देठ होता. ओठांच्या कडेला एक लाल पाकळी चिकटलेली.

साहेबांनी देठ घेतला. मंगलने घाबरून ताराबाईंकडे बघितलं.

"बिस्किट नाय खाल्लं मी," ती म्हणाली.