एका खोलीत एक माणूस

निघाले त्या दिवशी गाडी अंगणात उभी होती आणि बाबा मिठागरावरून तसेच आले होते, पायांवर मीठ वाळलेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आता पीएचडीला जर्मनीत चालले होते. बाबा एवढंच म्हणाले, "जा बाय. पन कुनाम्होरं आपल्या घराची लाज वाटून घेव नको."

उरणच्या खाडीकाठच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, ती लाज वाटून घ्यायची वेळ आली.

माझं काम वाय-फायच्या लहरींचं. माणूस श्वास घेतो, छाती हलते, खोलीतली लहर किंचित बदलते. त्यावरून अंगाला वायरही न लावता श्वास मोजायचा. बाबांचा दमा लहानपणापासून ऐकत आले, म्हणून हा विषय घेतला. गेल्या सुट्टीत यंत्रं घेऊन गावी गेले. दुपारी कामावरून आलेलं अख्खं घर ओटीवर नेहमी एका ओळीत आडवं होतं, तसंच झालं; शेजारच्या घरांतही तेच. मी तसेच सगळ्यांचे श्वास मोजले. शेजारची काकी हसली, "आमच्या घोरन्यानं तुजा मशीन फुटंल गो!"

मशीनला काही झालं नाही. बिनसलं ते इथं, लॅबच्या मीटिंगमध्ये. डेटा बघून प्राध्यापक म्हणाले, "एका खोलीत एक माणूस हवा. ही घरं खराब आहेत, काढून टाक."

खराब? शेजारी दुसरा माणूस आला की गोंधळतं तुमचं यंत्र, आणि दोष आमच्या ओटीचा? ही घरं काढली, तर उद्या बाजारात येणारं यंत्र बाबांचा श्वास ओळखणारच नाही. माझा आवाज चढला. म्हटलं, ओळीत निजलेल्यांचे श्वास वेगळे काढणं, हाच माझा प्रबंध. ते म्हणाले, "वर्ष वाढेल. पुढची ठरलेली नोकरी जाईल."

गेली.

आईला फोनवर सांगितलं, तर ती उसळली, "मेले आमाला येगयेगलं निजवतान काय? बरं केलंस!"

परवा चाचणी होती. लॅबमध्ये पलंग लांब लांब मांडलेले. मी ते बाजूला सारले, जमिनीवर चादरी अंथरल्या. लॅबमधली पोरं आडवी झाली. प्राध्यापक उभेच, त्यांना जागा नव्हती. मी मराठीतच ओरडले, "सरका रे!" माझ्या हाताचा इशारा बघून पोरं सरकली. प्राध्यापक बूट काढून मध्ये शिरले.

पडद्यावरच्या श्वासांच्या रेषा अजून एकमेकींतून सुटत नाहीत. सोडवीन. पण जिथं उशिरा आलेल्यालाही सरकून जागा देतात, त्यालाच मी घर म्हणते, आणि त्याला खराब म्हणू देणार नाही. कुणालाच.