एकोणीस सुया

माझे दाजी कडूबा दौलताबादच्या किल्ल्यावर माणसं फिरवायचे. गळ्यात बिल्ला आणि तोंडात इंग्रजी असले गाईड नव्हेत ते. सकाळी पायथ्याशी बॅटरी घेऊन उभं राहायचं, एखादं कुटुंब नाहीतर शाळेची सहल गाठायची आणि अंधारीतून पलीकडे काढायची, एवढंच त्यांचं काम. अंधारी म्हणजे किल्ल्याच्या पोटात कोरलेली काळीकुट्ट, वळणावळणाची वाट. एक पायरी दुसरीसारखी नाही, वटवाघळांचा वास नाकात बसतो आणि भिंत कुठे वळली ते हाताला लागल्याशिवाय कळत नाही. बरोब्बर मध्यावर दाजी थांबायचे, बॅटरी विझवायचे आणि म्हणायचे, "आता माझ्या आवाजामागं या. भिऊ नका, माझं पाऊल हितं चुकत नाय." बायका किंचाळायच्या, पोरं खिदळायची आणि दाजी त्या काळोखातून घरच्या अंगणातून चालल्यासारखे चालायचे. सव्वीस वर्षं त्यांनी हे केलं. त्याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? मला तर बॅटरी घेऊनही तिथे घाम फुटतो.

मी गोकुळ, पडेगावच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर आहे. दाजींची बायको चतुराबाई ही माझी थोरली बहीण. मेव्हण्याची चेष्टा करायची एकही संधी दाजी सोडत नसत. मी दारात गाडी लावली की ओरडायचे, "चतुरे, खुर्ची पूस, डॉक्टरसाहेब आले!" वर आक्का खरंच पदराने खुर्ची पुसायची. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण खरं सांगतो, ते 'डॉक्टरसाहेब' मला आतून फार गोड लागायचं. पुढचं सगळं त्या गोडीतून झालं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी उलटल्यावर, दाजींना थंडी वाजून ताप आला. लघवीला आग, कमरेत कळा. शहरातल्या एका डॉक्टरांनी लघवीत जंतू झाल्याचं सांगितलं आणि सात दिवसांच्या जेंटामायसिनच्या सुया लिहून दिल्या. सात झाल्या की रक्त तपासून परत या, किडनी बघूनच पुढचं ठरवू, असंही बजावलं. सुया मी घरी जाऊन द्यायच्या हे कुणी बोलूनही दाखवलं नाही. घरात कंपाउंडर मेव्हणा असल्यावर बोलायचं काय?

पाचव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी दाजी बाजेवर बसून भाकरी मागायला लागले. सोबतच्या गोळ्या त्यांनी उशीखाली सारल्या होत्या. आमच्याकडे गोळीला कुणी औषध समजतच नाही, टोचलं तरच ते अंगाला लागतं. त्यात सहलींचा हंगाम तोंडावर आलेला. रक्त द्यायला शहरात जाऊन दिवस मोडायला ते तयार नव्हते.

"कशाला जायाचं? सुईनं गुण आलाय," ते म्हणाले. "तूच दे अजून धा-बारा, मंजी मुळातून जाईल."

"दाजी, डॉक्टरांनी सातच लिहिल्यात."

"मग तू कोन हायेस?"

एवढ्यावर मी विरघळलो. मेडिकलवाला ओळखीचा होता, जुन्याच चिठ्ठीवर त्याने बाटल्या काढून दिल्या. रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की मी गाडीला किक मारायचो आणि दौलताबाद गाठायचो. बाराव्या सुईला दाजी म्हणाले, "गोकुळ, कानात रातकिडं वराडायलेत रं." मी म्हणालो, अशक्तपणा आहे. त्यावर बी-कॉम्प्लेक्सची आणखी एक टोचली. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर कानाबद्दल काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं, एवढं मला बावीस वर्षांत कळलेलं होतं. मी तो कागद उघडला नाही. एकोणिसावी सुई दिली त्या दिवशी आक्काने माझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. मी तूप ओढून दोन खाल्ल्या.

चार दिवसांनी दाजी मोरीत तोंड धूत होते. साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ आडवे झाले. कपाळाला खोक पडली. पुन्हा सगळ्यांनी अशक्तपणालाच धरलं, मी सर्वांत आधी. मग ते म्हणायला लागले की चालताना समोरचं सगळं उड्या मारतं, येणाऱ्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही, उभं राहिलं की मग जागेवर येतं. मी चष्मा बदलायला सांगितला. माझ्याजवळ सगळ्याला उत्तर होतं!

पुढच्या सोमवारी ते हट्टाने किल्ल्यावर गेले. काय घडलं ते सांडूने, म्हणजे त्यांच्याबरोबरच्या दुसऱ्या गाईडने, मला सांगितलं. शाळेची सहल होती. दाजींनी नेहमीच्या जागी बॅटरी विझवली, "माझ्या आवाजामागं या" म्हणाले, एक पाऊल टाकलं आणि धाडकन कोसळले. उठायला गेले, पुन्हा पडले. वर कुठे आणि खाली कुठे तेच त्यांना कळेना. पोरांना वाटलं हा खेळातलाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सांडूने मागून उजेड मारला तेव्हा दाजी दोन्ही हातांनी पायरीला घट्ट धरून पालथे पडले होते आणि रडत होते. सव्वीस वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

मग आम्ही घाटीत गेलो. शहराचं नाव कागदोपत्री संभाजीनगर झालं तरी मोठा सरकारी दवाखाना आमच्यासाठी घाटीच. तिथे कानाच्या तपासणीला दीपमाला मॅडम होत्या, तिशीतल्या, बोलायला चटपटीत. त्यांनी दाजींना पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर ठीक. मिटायला सांगितले तर दाजी दोन सेकंदांत त्यांच्या अंगावर आले. त्यांनी झेललं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग दाजींना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आक्का केसपेपरच्या रांगेत होती. काचेच्या अलीकडे मी आणि मॅडम, दोघंच.

मी कंपाउंडर आहे कळल्यावर त्या मला मोकळेपणाने समजावून सांगायला लागल्या. कानाच्या पडद्याच्या आत, हाडाच्या पोकळीत, पाण्याने भरलेला एक इवलासा शंख असतो. आवाजाने पडदा हलला की तीन बारीक हाडं तो धक्का आत पोचवतात, शंखातलं पाणी हलतं आणि त्या पाण्यातले सूक्ष्म केस वाकतात. ते वाकले की मेंदूला आवाज कळतो. शंखाला लागूनच बांगडीसारख्या वळलेल्या तीन नळ्या असतात. त्यांत तसंच पाणी, तसेच केस. आपण डोकं वळवलं की ते पाणी मागे रेंगाळतं, केस वाकतात आणि डोकं कुठे चाललंय ते मेंदूला समजतं.

"माणूस तीन गोष्टींवर तोल धरतो," मॅडम म्हणाल्या. "डोळे, तळपाय आणि ह्या नळ्या. तुमच्या दाजींच्या नळ्या दोन्हीकडच्या गेल्यात. उजेडात डोळे सांभाळून घेतात. अंधारात, वाकड्यातिकड्या पायऱ्यांवर, आधाराला काहीच उरत नाही."

"परत येईल का, मॅडम?"

"ते केस डोक्यावरच्या केसांसारखे पुन्हा उगवत नाहीत. एकदा मेले की मेले. ऐकू मात्र अजून चांगलं येतंय, फक्त वरच्या पट्टीतले बारीक आवाज थोडे उतरलेत. तेवढं जपायचं."

मग त्या एकेक कारण विचारत गेल्या. कारखान्याच्या गोंगाटात काम केलंय का? मिरवणुकीतल्या मोठ्या भोंग्यांजवळ? साखर आहे? कान वाहायचा? मेंदूज्वर, गालफुगी? घराण्यात कुणी बहिरं? मी नाही-नाही म्हणत गेलो, आणि खरंच नव्हतं.

"अलीकडे कुठल्या सुया घेतल्या होत्या? काही औषधं ह्या पाण्यात उतरतात आणि केसच मारून टाकतात. तसं असेल तर मला केसपेपरवर लाल शाईने लिहावं लागेल, पुन्हा त्या जातीचं औषध आयुष्यात कुणी देऊ नये म्हणून."

काचेपलीकडे दाजी एकाग्र होऊन बसले होते. अंगठा बटणावर, परीक्षेला बसल्यासारखे. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "गोळ्याच होत्या."

का बोललो असं? नोकरी जाईल, केस होईल, हे डोक्यात आलंच. पण त्याहून जास्त मला आक्काचं तोंड दिसलं. आणि मी स्वतःची समजूतही झटक्यात काढली, की दाजींना सुई देणारा माझ्याशिवाय आहेच कोण? मी काळजी घेईन, मग लाल शाई कशाला हवी? मॅडमनी कारण अज्ञात असं लिहिलं आणि शिक्का मारला. आक्का रांगेतून आली ती माझे उपकार मानत.

दाजींचा किल्ला सुटला. ते दारात बसून लोकांशी गप्पा मारायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला किल्ल्याच्या गोष्टी सांगायचे, ऐकायचे, हसायचे. तोल गेला तरी तोंड आणि कान शाबूत होते, त्यामुळे माणूस तगून होता. असे दहा महिने गेले.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी ते लेकीकडे, मंजुषाकडे, पिशोरला राहायला गेले. तिथे पुन्हा तोच ताप, तीच आग. गावातल्या डॉक्टरने विचारलं, आधी काय औषध दिलं होतं? दाजींनी बंडीच्या खिशातून एक रिकामी बाटली काढली. लागू पडलेल्या औषधाची बाटली जपून ठेवायची, पुढच्या डॉक्टरला दाखवायची, ही आपल्या लोकांची रीतच आहे. एकोणिसातली एक त्यांनी ठेवली होती, मला माहीत नव्हतं. "हीच द्या," ते म्हणाले, "माझ्या मेव्हण्यानं दिलती. हिनंच उठलो मी." डॉक्टरने घाटीचा कागद मागून पाहिला. त्यावर लाल शाईत काहीच नव्हतं. त्याने हिशेबाने पाचच दिल्या, त्याला मी दोष कसा देऊ?

दहाव्या दिवशी मंजुषाचा फोन आला. "मामा, आप्पांना ऐकूच येईना. कानाशी ओरडलं तरी नुसतं बघायलेत."

पुन्हा घाटी, पुन्हा ती काचेची खोली. दाजी अंगठा बटणावर ठेवून बसले आणि बटण दाबलंच गेलं नाही. मंजुषाने पिशवीतून बाटली काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती फिरवून वाचली. मंजुषाला वडिलांजवळ बसवून त्या मला बाहेर घेऊन आल्या.

"आधी किती दिल्या होत्या?"

"एकोणीस."

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "तोल तेव्हाच गेला होता, तो कुणालाच परत आणता आला नसता. कान मात्र राहिले असते. आता मशीन लावलं तरी गोंगाट मोठा होईल, शब्द कळणार नाहीत." मग म्हणाल्या, "घरी तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी सांगतो म्हणालो. पण कसं सांगणार? जे मला त्या काचेअलीकडे हळूच सांगता आलं असतं, ते आता गल्लीभर ओरडूनही त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. शेवटी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: दाजी, सुई सात दिवसांची होती, मी एकोणीस दिल्या. त्याने तोल गेला. घाटीत विचारलं तेव्हा खोटं बोललो, म्हणून पिशोरला पुन्हा तीच दिली आणि कान गेले. सगळं माझ्यामुळे झालं. गोकुळ.

डोकं हललं की अक्षरं नाचतात, म्हणून दाजींनी डोकं भिंतीला टेकवलं. चौथी शिकलेला माणूस, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेला. शेवटी पोचून पुन्हा वर आला आणि दुसऱ्यांदा वाचलं. आक्का शेगडीजवळ होती, तिला वाचता येत नाही. तिने हातानेच विचारलं, काय लिहिलंय?

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे दाजी ओरडूनच बोलतात. "काय नाय!" ते ओरडले. "घाटीची तारीख लिव्हलीय. पुढल्या महिन्यात बोलावलंय. च्या ठिव त्याला!" पानाची घडी करून त्यांनी ती खिशात टाकली. आणलेला चहा मी प्यायलो, नाही म्हणायची हिंमत नव्हती.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तरी मी सुटलो असतो. ते पान त्यांनी कुणालाही दाखवलं नाही, मंजुषालाही नाही. बायकोचं माहेर तुटू नये म्हणून असेल. मीही अजून आक्काला सांगितलेलं नाही.

दर रविवारी मी जातो. दुसरं कुणी आलं की दाजी त्याच्या ओठांकडे बघतात, पाटी पुढे करतात, लिही म्हणतात. मी दारात दिसलो की ते आडवे होतात, कारण बसून डोळे मिटले तर कलंडायला होतं. आडवे झाले की डोळे मिटून घेतात. ज्याला ऐकू येत नाही त्याने डोळे मिटल्यावर त्याच्यापर्यंत पोचायला काहीच शिल्लक राहत नाही. मी शेजारी बसून असतो. त्यांच्या पापण्या थरथरत असतात, झोप लागलेली नसते.

"बघ," आक्का हळू आवाजात म्हणते, "एरवी दिवसभर तळमळत असत्यात. तू आला की कसं निवांत झोपत्यात. तुझा लई आधार वाटतोय रे त्यांला."

मी व्हय म्हणतो.