आत्याची व्युत्पत्ती

माझ्या आत्याच्या तावडीत सापडलेला एकही शब्द जन्मदाखला दाखवल्याशिवाय सुटलेला नाही. कर्वेनगरच्या कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, ही बाई ग्रीक-लॅटिनच्या मागे लागली. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला तिने दारातच अडवलं. "प्लंबम म्हणजे शिसं. तुम्ही शिशाचं काम करता?" तो बिचारा म्हणाला, "नाही काकू, आता सगळं पीव्हीसी." "मग नाव बदला," आत्या म्हणाली आणि त्याला चहा दिला. लग्न तिने केलं नाही. विवाह म्हणजे विशेष वाहून नेणं, आणि आपल्याला ओझी उचलायची सवय नाही, असं कारण सांगायची. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला मात्र आत्या नारायण पेठेतून शाळेपर्यंत कडेवर घेऊन जायची.

एकदा खालच्या मजल्यावरचे काका बायकोला 'हिस्टेरिक' म्हणाले आणि जन्माची अद्दल घडली. "हिस्टेरा म्हणजे गर्भाशय," आत्याने जिन्यातच तास घेतला. "ग्रीकांना वाटायचं, ते बाईच्या अंगभर भटकतं आणि म्हणून बाई ओरडते. नवरा ओला टॉवेल गादीवर टाकतो म्हणून ओरडते, हे एकाही तत्त्ववेत्त्याला सुचलं नाही!" काका तेव्हापासून टॉवेल दोरीवर टाकतात.

गेल्या वर्षी आत्याच्याच तपासणीत नको त्या पेशी निघाल्या. डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "आजी, पिशवी काढावी लागेल."

"कापडी की प्लास्टिकची? आणि आजी कोणाची? नातवंडं दाखवा."

"हिस्टरेक्टॉमी," डॉक्टर घाईने म्हणाले. "एंडोमेट्रियममध्ये दोष आहे."

"आता कसं माणसासारखं बोललात!"

मी बाहेर येऊन रडले. ती घरी येऊन कोश उघडून बसली.

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घालून आत्या कॉटवर बसली होती. एवढीशी दिसत होती. "एंडो म्हणजे आत," ती मला म्हणाली. "मेत्रा म्हणजे गर्भाशय, आणि तो शब्द आलाय मेतेरवरून. मेतेर म्हणजे आई. आपलं मातृ, तेच ते." मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. "इतकी वर्षं आत आई होती गं. मला कोशात सापडली, तीही काढायच्या वेळी."

तेवढ्यात सिस्टर स्ट्रेचर घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही इथेच थांबा. पेशंट कोण तुमच्या? आई का?"

"हो," मी म्हटलं. "आई."

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता ती चूक दुरुस्त करणार, म्हणून मी वाट पाहत राहिले.

आत्या खडखडीत बरी झाली. घरी आल्या आल्या तिने फिजिओथेरपिस्टला 'फिजिओ'चा अर्थ विचारून घाम फोडला. मीही पूर्वीसारखी तिला आत्याच म्हणते. सगळ्या पुण्याचे शब्द दुरुस्त करणाऱ्या त्या बाईने माझा तो एक शब्द मात्र आजपर्यंत दुरुस्त केलेला नाही.