उस्तादांच्या दातांचे ठसे

झाशीत सीपरी बाजारातल्या बँडच्या दुकानात एक म्हातारे वादक बसायचे. मी जुन्या सॅक्सोफोनचे माउथपीस जमवतो. त्यांच्याकडचा काळा रबरी माउथपीस रेल्वे क्लबात जाझवर नाच चालायचे त्या काळातला होता. तोंडात धरायच्या जागी दातांचे खोल ठसे पडले होते.

“मेरे उस्ताद के हैं,” ते म्हणाले.

मी नको तो शहाणपणा केला. म्हटलं, मला द्या, घासून गुळगुळीत करतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. तिथे असे चाळीस आहेत.

“बजाते कितने हो?”

मला साधं फुंकताही येत नाही.

त्यांनी माउथपीस वाद्याला लावला, उस्तादांच्या ठशांवर आपले उरलेले दोन दात रोवले आणि माझ्या तोंडावर असा सूर फेकला, की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघू लागले. मग ओठ पुसत म्हणाले, “ये दो दाँत भी गिर जाएँ, तब भी मत आना.”